भीतीच्या सावलीतले खरेदीखत

१३ जुलै १९४० रोजी ॲमस्टरडॅममध्ये झालेला एक करार नुसता कागद म्हणून वाचला, तर त्यात बोट ठेवायला जागा सापडत नाही. विकणारी रीतसर कंपनी होती, घेणाऱ्याचे नाव लपवलेले नव्हते, किंमत वीस लाख गिल्डर ठरली होती आणि ती चुकतीही झाली. कंपनी जे. गौडस्टिकर या चित्रव्यापाऱ्याची होती आणि खरेदीदार होता हेरमान गोअरिंग, हिटलरच्या राजवटीतला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. जर्मन सैन्य नेदरलँड्समध्ये घुसून त्या दिवशी जेमतेम दोन महिने झाले होते, कंपनीचे मालक आठ आठवड्यांपूर्वी समुद्रावर अपघातात गेले होते, आणि त्यांच्या विधवेने, देशाबाहेरून, या विक्रीला संमती नाकारली होती. असा कागद म्हणजे विक्री नव्हे, हे तर मला मांडायचे आहेच. पण ती विक्री नव्हती हे सिद्ध करण्याचा भार लुटल्या गेलेल्या घराण्यावर टाकणे हा मूळ लुटीवर चढवलेला दुसरा अन्याय आहे, आणि तो आजही चालू आहे, हे मला अधिक ठासून सांगायचे आहे.

जाक गौडस्टिकर यांचा व्यवसाय पिढीजात होता. १९१९ साली ते त्यात शिरले आणि सतराव्या शतकातील डच निसर्गचित्रांवर स्थिरावलेल्या ॲमस्टरडॅमच्या बाजारात त्यांनी इटालियन प्रबोधनकाळातील चित्रे आणून मांडली, देखणे कॅटलॉग छापले, मोठी प्रदर्शने भरवली. हेरेनग्राख्त कालव्यावरच्या ४५८ क्रमांकाच्या घरात त्यांचे दालन होते. व्हेख्त नदीकाठच्या नाइनरोडे या जुन्या गढीतही ते चित्रे मांडत. युद्ध दाराशी आले तेव्हा त्यांच्याकडे सुमारे १,४०० कलाकृती होत्या.

१४ मे १९४० रोजी, रॉटरडॅमवर बॉम्ब पडले त्याच दिवशी, पत्नी देसी आणि तान्हा मुलगा एदो यांना घेऊन ते आयमाउडेन बंदरातून ‘बोडेग्राव्हेन’ जहाजावर चढले. देसी व्हिएन्नाच्या गायिका होत्या. याच जहाजात त्रुस विस्म्युलर यांनी ऐन वेळी बंदरावर पोचवलेली सत्तरएक ज्यू मुलेही होती. हवाई हल्ल्याच्या भीतीने जहाजावरचे सगळे दिवे मालवलेले होते. दुसऱ्या रात्री डेकवरच्या काळोखात गौडस्टिकर उघड्या राहिलेल्या झाकणातून खालच्या कोठारात पडले आणि त्यांची मान मोडली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर फाल्मथ येथे त्यांचे दफन झाले. वय बेचाळीस.

त्यांच्या खिशात एक काळी वही होती. हातात मावेल एवढी, सुट्या पानांची, चित्रकारांच्या नावांच्या वर्णानुक्रमे टंकलिखित केलेली. चित्रकार, विषय, लांबी-रुंदी, कोठून घेतले, अशा नोंदी आणि त्यांना क्रमांक, एकूण १,११३. देसींनी ती जपून ठेवली. एरवी लुटल्या गेलेल्या कुटुंबाजवळ आठवणीखेरीज काही उरत नाही; भिंतीवर कोणते चित्र होते हे नातवंडांना सांगणारे माणूसच छळछावणीत संपलेले असते. नेदरलँड्समधल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी लाखाहून अधिक माणसे मारली गेली. गौडस्टिकर कुटुंबाला ही वही मिळाली म्हणून त्यांचा दावा उभा राहू शकला. ज्यांच्याजवळ वही नाही त्यांचे काय, हा प्रश्न हे सगळे प्रकरण वाचताना माझ्या मनातून एकदाही गेला नाही.

गौडस्टिकर यांनी ज्या मित्राला मुखत्यारपत्र दिले होते तोही त्याच मे महिन्यात वारला. दुकानात उरलेल्या दोन नोकरांनी आलोइस मीडल नावाच्या जर्मन सावकाराशी बोलणी केली. ५,५०,००० गिल्डरमध्ये मीडलने दुकान, स्थावर मालमत्ता आणि मुख्य म्हणजे ‘गौडस्टिकर’ हे नाव घेतले, गोअरिंगने चित्रे उचलली, आणि नंतर त्यांतील काही मीडलकडे वळवली. बहुसंख्य समभाग देसींकडे आले होते, त्यांनी नकार दिला. थोडे समभाग जाक यांच्या आईकडे होते, आणि ती वृद्ध ज्यू स्त्री व्याप्त ॲमस्टरडॅममध्येच अडकलेली होती. तिला हद्दपारीपासून वाचवू शकेल असा एकच माणूस ओळखीत होता, तो मीडल. हे सगळे डोळ्यांसमोर ठेवले की त्या वीस लाख गिल्डरांचा अर्थ बदलतो. सावकाराच्या ओसरीवर अंगठा उमटवून करून घेतलेले खरेदीखत ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला आले, त्यांना कागद खरा आणि व्यवहार खोटा म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

ही समज केवळ आजची नाही, म्हणून काळाच्या मागे जाऊन आजची नीती लादू नका, हा आक्षेप मला मान्य होत नाही. लंडनमध्ये आश्रयाला गेलेल्या डच सरकारने जून १९४० मध्येच फर्मान काढून शत्रूशी परवानगीविना केलेले व्यवहार अमान्य ठरवले होते. ५ जानेवारी १९४३ रोजी दोस्त राष्ट्रांनी लंडनमध्ये जाहीरनामा काढला आणि व्याप्त प्रदेशातील मालमत्तेची हस्तांतरणे, ती उघड लुटीची असोत किंवा वरकरणी कायदेशीर आणि राजीखुशीची दिसत असोत, रद्दबातल ठरवण्याचा हक्क राखून ठेवला. तो अठरा जणांच्या नावाने निघाला. त्यांत डच सरकार होते आणि त्या वेळी ब्रिटिश अमलाखाली असलेल्या भारताचेही नाव होते. लूट खरेदीचा वेष घेऊन येते, हे त्या काळच्या सरकारांना पुरते ठाऊक होते आणि त्यांनी ते लिहूनही ठेवले होते.

म्हणूनच युद्धानंतर नेदरलँड्समध्ये जे घडले ते मला अधिक बोचते. दोस्त सैन्याला जर्मनीत सापडलेल्या कलाकृती थेट मालकांना देण्याचा प्रघात नव्हता. वस्तू ज्या देशातून नेली त्या देशाच्या सरकारकडे ती सोपवायची आणि त्या सरकारने मालक शोधून ती परत करायची, अशी रीत होती. म्हणजे गौडस्टिकर संग्रहातली सुमारे तीनशे चित्रे डच सरकारच्या हाती आली ती विश्वस्ताच्या नात्याने, मालकाच्या नाही. देसी १९४६ साली परतल्या, तेव्हा त्याच सरकारने त्यांना सांगितले की तुमच्या कंपनीने चित्रे स्वेच्छेने विकली, आणि हवी असतील तर मिळालेली किंमत परत भरा. नवरा गेलेला, व्यवसाय मोडलेला, पैसा कंपनीच्या खात्यातून वाटेला लागलेला, आणि अर्जाची मुदत १९५१ च्या मध्यावर संपणारी. सहा वर्षे झगडून १९५२ साली त्यांनी तडजोड केली. ती मीडलने घेतलेल्या मालमत्तेपुरती होती. गोअरिंगने नेलेल्या चित्रांवरचा हक्क त्यांनी त्यात सोडलेला नव्हता. तरीही सरकारने प्रकरण मिटले असे धरले आणि चित्रे देशभरच्या संग्रहालयांत, वकिलातींत, सरकारी कचेऱ्यांत लावली. काही तर विकून टाकली. आपल्या ताब्यात विश्वासाने दिलेली वस्तू मालक दारात उभा असताना विकणे याला कोणत्याही भाषेत दुसरा शब्द नाही, आणि हे शत्रूच्या नव्हे, स्वतःच्या सरकारने केले.

देसी आणि एदो दोघेही १९९६ साली वारले. पुढच्या वर्षी पीटर डेन होलांडर या डच पत्रकाराने एदो यांच्या पत्नी मारेई फॉन साहेर यांना गाठले, आणि सासऱ्यांचा संग्रह किती मोठा होता व त्यातले किती अजून डच सरकारकडे आहे, हे या सुनेला तेव्हा कळले. १९९८ मध्ये त्यांनी अर्ज केला, सरकारने तो फेटाळला. १९९९ मध्ये हेगच्या न्यायालयातही दाद मिळाली नाही. दरम्यान डिसेंबर १९९८ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ४४ देशांनी ‘न्याय्य आणि रास्त’ तोडगा काढण्याची तत्त्वे स्वीकारली आणि खुद्द नेदरलँड्समध्ये एकार्ट समितीने युद्धोत्तर कारभाराला नियमांवर बोट ठेवणारा, थंड आणि पुष्कळदा निर्दय असे म्हटले. अखेर लुटीच्या कलाकृतींवरील दाव्यांबाबत सल्ला देणाऱ्या परतावा समितीच्या शिफारशीवरून फेब्रुवारी २००६ मध्ये सरकारने २०२ चित्रे परत केली. न्यायालयाच्या दृष्टीने प्रकरण बंद झालेले असतानाही एका राज्याने ते नैतिक कारणासाठी पुन्हा उघडले, याचे श्रेय नेदरलँड्सला दिले पाहिजे. मात्र जी गोष्ट १९४६ साली एका विधवेच्या हयातीत करता आली असती ती तिच्या सुनेसाठी साठ वर्षांनी झाली, ही नोंद त्या श्रेयाच्या शेजारीच राहिली पाहिजे.

आता यातला सर्वांत अवघड मुद्दा घेतो, कारण त्यावर चर्चा कमी होते. साध्या ज्यू कुटुंबाने १० मे १९४० नंतर चित्र विकले असेल तर ते दडपणाखाली विकले असे डच धोरण गृहीत धरते. व्यापाऱ्याच्या बाबतीत मात्र तसे नाही. व्यापारी विकण्यासाठीच बसलेला असतो, तेव्हा त्याची विक्री हा नेहमीचा धंदाही असू शकतो, म्हणून सक्तीची निश्चित चिन्हे त्याने, म्हणजे आता त्याच्या वारसाने, दाखवायची. वरवर हे समंजस वाटते. परंतु धंदा म्हणजे नुसते विकणे नव्हे. कोणाला विकायचे, केव्हा विकायचे, काय भावाने विकायचे आणि कोणते चित्र दहा वर्षे मागे ठेवून द्यायचे, हे ठरवण्याची मुभा म्हणजे धंदा. गिऱ्हाईक गणवेशात येत असेल आणि नाही म्हणण्याची किंमत आपल्या माणसांच्या जिवाने मोजावी लागणार असेल, तर दुकान उघडे असूनही व्यापार संपलेला असतो.

डीरेन गावच्या काट्झ बंधूंचे उदाहरण येथे पाहण्याजोगे आहे. ज्यू असूनही त्यांनी व्याप्तीच्या काळात जर्मनांना पुष्कळ चित्रे विकली, आणि एका रेम्ब्रांटच्या बदल्यात त्यांच्या २५ नातलगांना देश सोडून जाण्याची परवानगी मिळाली. चित्र आणि प्राण एकाच तराजूत तोलले जात होते, आणि दोन्ही पक्षांना ते ठाऊक होते. तरीही वारसांनी मागितलेल्या १८९ कलाकृतींपैकी फक्त एक परत द्यावी, असे परतावा समितीने २०१२ मध्ये ठरवले; बाकीच्या विक्रीत सक्तीचा पुरेसा पुरावा दिसला नाही. प्रत्येक व्यवहार वेगळा तपासावा हे मला मान्य आहे. युद्धात पैसा करणारे व्यापारी होते, त्यांत ज्यूही असू शकतात, आणि सगळ्याच विक्रीवर लुटीचा शिक्का मारला तर खऱ्या लुटीचे गांभीर्य कमी होईल. परंतु तपास सुरू कोठून करायचा याला महत्त्व आहे. ज्याच्या समाजाची एकामागून एक सर्व हक्कांतून हकालपट्टी चालली होती, त्याची विक्री स्वेच्छेची मानून सुरुवात करायची की सक्तीची मानून? माझे उत्तर असे की सक्ती गृहीत धरावी, आणि व्यवहार मोकळेपणाने झाला हे आजच्या ताबेदाराने दाखवावे. दप्तरे, पावत्या, लिलावाच्या याद्या, चित्राच्या पाठीमागची चिठ्ठी, हे सगळे संग्रहालयाच्या हाताशी असते. वारसाच्या हाताशी बहुधा एखादा धूसर फोटो असतो.

याविरुद्ध सार्वजनिक हिताचा मुद्दा मांडला जातो: संग्रहालयातले चित्र हजारो लोक पाहतात, वारसाकडे गेले की ते विकले जाते आणि कोणा श्रीमंताच्या बंद दालनात नाहीसे होते. गौडस्टिकर वारसांनी २००७ साली क्रिस्टीजच्या लिलावांत बरीच चित्रे विकली, हे खरे आहे. चित्र लोकांसमोर राहावे अशी इच्छा मलाही आहे. यान व्हान गोयेनचे राखाडी पाणी आणि सालोमोन व्हान राउसदालची नदीकाठची झाडे शाळकरी मुलांना फुकट पाहता यावीत असे कोणाला वाटणार नाही? पण आपली वस्तू परत मिळाल्यावर मालकाने तिचे काय करावे, या प्रश्नावर तिचा परतावा अवलंबून ठेवता येत नाही. शिवाय त्या लिलावांमागे वर्षानुवर्षांच्या वकिली खर्चाचा डोंगर होता, आणि तो डोंगर सरकारच्या नकारानेच रचला गेला होता.

ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयातील कांडिन्स्कीच्या १९०९ च्या ‘घरांसह चित्र’ या कलाकृतीने हा वाद टोकाला नेला. लेव्हेनस्टाइन या ज्यू कुटुंबाकडचे हे चित्र ऑक्टोबर १९४० मध्ये लिलावात १६० गिल्डरना संग्रहालयाने घेतले होते. २०१८ मध्ये परतावा समितीने सल्ला देताना वारसाच्या हिताबरोबर संग्रहालयाचे हितही तराजूत टाकले आणि चित्र संग्रहालयाकडे ठेवले. त्यावर देशात व देशाबाहेर टीका झाली, परतावा धोरणाचा आढावा घेणाऱ्या कोनश्टाम समितीने २०२० मध्ये असा तोल साधण्याची पद्धत सोडून द्यावी असे सांगितले, आणि २०२२ मध्ये शहराने चित्र वारसांना परत दिले. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. संग्रहालयाला चित्र किती आवडते, हा पुरावा कधीच नव्हता.

अमेरिकेत मात्र गाडी अजून अडलेली आहे. पॅसाडीना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयात लुकास क्रानाखच्या सुमारे १५३० मधल्या ‘ॲडम’ आणि ‘ईव्ह’ या दोन पुरुषभर उंचीच्या फळ्या आहेत. गौडस्टिकर यांनी त्या १९३१ साली बर्लिनच्या लिलावात घेतल्या. सोव्हिएत सरकारने विकायला काढलेल्या त्या संग्रहाला स्ट्रोगानोव्ह घराण्याचे नाव दिलेले होते, परंतु या फळ्या त्या घराण्याच्या नव्हत्याच, कीव्हमधल्या एका चर्चमध्ये मिळालेल्या होत्या, असे वारसांच्या बाजूने न्यायालयात मांडले गेले. १९४० मध्ये त्या गोअरिंगकडे गेल्या, युद्धानंतर डच सरकारकडे आल्या, १९६६ मध्ये त्या सरकारने त्या स्ट्रोगानोव्ह घराण्याच्या वंशजाला विकल्या, आणि १९७१ मध्ये संग्रहालयाने त्याच्याकडून आठ लाख डॉलरना विकत घेतल्या. यातला मधला टप्पा, म्हणजे गौडस्टिकर यांच्याकडून गोअरिंगकडे झालेला प्रवास, कोणी नाकारत नाही. २००७ पासून मारेई फॉन साहेर न्यायालयात लढल्या. आधी अशा दाव्यांची मुदत वाढवणारा कॅलिफोर्नियाचा कायदाच घटनाबाह्य ठरला, मग मुदतीचा प्रश्न आला, आणि शेवटी २०१८ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की परकीय सार्वभौम सरकारने आपल्या अधिकारात केलेल्या कृतीची वैधता आम्ही तपासणार नाही. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाद घेण्यास नकार दिला.

परराष्ट्रीय संबंध न्यायालयांनी बिघडवू नयेत या तत्त्वाला अर्थ आहे. पण ते येथे लावल्याने काय झाले ते पाहा. ज्या सरकारने १९५२ पर्यंतचा आपला व्यवहार पुढे स्वतःच नैतिकदृष्ट्या चुकीचा मानला आणि त्याच संग्रहातली २०२ चित्रे परत केली, त्याच सरकारने १९६६ मध्ये केलेली विक्री मात्र अस्पर्श ठरली. चोरीच्या वस्तूची मालकी खरेदीदाराकडे जात नाही, हा अमेरिकी कायद्याचा जुना नियम आहे. मधे एखादे सरकार आले की तो नियम विरून जातो, असा याचा अर्थ होतो. संग्रहालयाने १९७१ मध्ये सद्भावनेने पैसे मोजले असतील. तो तोटा त्याने डच सरकारकडे मागावा, दोघांनी वाटून घ्यावा, वारसांशी बसून चित्रे ठेवण्याची रास्त किंमत ठरवावी, असे मार्ग होते आणि आजही आहेत. या साखळीत ज्याने काहीच चूक केली नाही असे एकच घराणे आहे आणि सगळा तोटा त्यानेच सोसावा, हे मला कोणत्याही तत्त्वाने पटत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये अर्जेंटिनातील मार देल प्लाता शहरात एक घर विक्रीला निघाले. दलालाने जाहिरातीत घराचे फोटो टाकले. बैठकीच्या खोलीत हिरवा सोफा, आणि त्याच्या वरच्या भिंतीवर एका स्त्रीचे जुने व्यक्तिचित्र. गोअरिंगचा आर्थिक सल्लागार फ्रीडरिख काडगिन युद्धानंतर दक्षिण अमेरिकेत पळाला होता आणि हे घर त्याच्या वारसांचे होते. वर्षानुवर्षे त्याचा माग काढणाऱ्या डच पत्रकारांनी तो फोटो पाहून चित्र ओळखले: ज्युझेप्पे गिस्लांदी यांचे मानले जाणारे, गौडस्टिकर संग्रहातले, हरवलेल्या कलाकृतींच्या यादीत असलेले. पोलीस पोचले तेव्हा त्या जागी घोड्यांचे चित्र असलेला गालिचा टांगलेला होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला वकिलामार्फत ते चित्र अधिकाऱ्यांच्या हवाली झाले.

इतकी दशके ते नजरेआड निवांत होते, कारण कोणी विचारले नाही. आणि कोणी विचारले नाही याचे कारण ज्यांनी विचारायचे ते फाल्मथच्या दफनभूमीत होते किंवा महासागरापलीकडे नव्याने संसार मांडत होते. असे दावे पुढे आले की पहिला सवाल वारसालाच केला जातो: इतकी वर्षे कोठे होता? अमेरिकेने २०१६ च्या कायद्याने वारसाला वस्तू प्रत्यक्ष सापडल्यापासून सहा वर्षे दिली, ती योग्य दिशा आहे, पण सवालाची दिशा त्याने पुरती बदलत नाही. पॅसाडीनाच्या फळ्यांना काय किंवा मार देल प्लाताच्या त्या स्त्रीच्या चित्राला काय, न्यायासनाने प्रथम ताबेदाराला विचारावे की ही वस्तू १९४० मध्ये गौडस्टिकर यांच्या हातून कोणत्या कागदाने गेली, त्या कागदावर कोणाची सही आहे, आणि सही करणाऱ्याला त्या दिवशी नाही म्हणता येत होते काय.